ग्राह्य नाही

"ही माहिती ग्राह्य नाही. कृपया तपासून पुन्हा भरा."

लाल अक्षरं पुन्हा उमटली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काचेपलीकडचा माणूस वाकून बघत होता. चार दिवस तो रोज रांगेत उभा राहत होता आणि रोज हेच वाक्य घेऊन परत जात होता.

"आज पण नाही का, ताई?"

"थांबा. परत एकदा बघते."

शिक्षण खात्याच्या मदत खिडकीवर बसून बाईंना अकरा वर्षं झाली होती. पूर्वी त्या कागदांवर शिक्के मारायच्या, आता लोकांचे अर्ज संगणकात भरून द्यायच्या. संगणकाच्या तऱ्हा त्यांना पाठ झाल्या होत्या. दोन अक्षरी आडनाव आलं की तो अडायचा. पत्त्यात तिरकी रेघ आली की अडायचा. ज्याला आडनावच नाही, त्याला तर तो माणसांत धरायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या संगणकवाल्याला सांगितलं की तो म्हणायचा, "लिहून पाठवा." लिहून पाठवलेलं कुठं जायचं देव जाणे. संध्याकाळपर्यंत बाईंची मान आखडायची आणि रांग होती तेवढीच असायची.

या माणसाला मुलीच्या शाळा-नोंदीची नक्कल हवी होती. मुलीचं नाव संगणकाला चाललं, जन्मतारीख चालली. पालकाच्या रकान्यात याचं नाव घातलं की रकाना लाल.

"इयत्ता कितवी?"

"चौथी." तो अडखळला. "नाही, पाचवी असेल आता."

बाईंना एवढ्या थकव्यातही हसू आलं. "आमच्या ह्यांनाही कधी सांगता आली नाही."

"तिची आई बघायची सगळं. ती बाहेरगावी गेलीय, कागद तिच्या कपाटात. फोन लागत नाही. आणि शिष्यवृत्तीची मुदत उद्या संपतेय."

त्यानं आवाज चढवला नाही. इतर लोक काचेवर हात आपटायचे, बाईंच्या पगाराचा उद्धार करायचे. हा कागदांची पिशवी छातीशी धरून उभा होता. शर्टाची कॉलर विरलेली, पण इस्त्री कडक. बाईंना त्यांचे वडील आठवले. तेही असेच कचेऱ्यांतून मुकाट्यानं उभे राहायचे आणि रिकाम्या हातानं घरी आले की म्हणायचे, "उद्या होईल."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आमची पण कामं आहेत हो!"

"तुमचीच करायला बसलेय," बाई तिकडं न बघता म्हणाल्या.

त्यांच्याकडे एक युक्ती होती. नावाच्या शेवटी एक टिंब द्यायचं. नियमात ते बसत नव्हतं, पण दोन अक्षरी आडनावांची कितीतरी माणसं त्यांनी त्या टिंबावर पार केली होती. या नावात तसं वावगं काही दिसत नव्हतं. तरी त्यांनी टिंब दिलं.

रकाना हिरवा झाला.

छपाईयंत्र घरघरलं. बाईंनी नक्कल काचेखालून सरकवली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली आणि उभ्या उभ्या वाचली. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. ओठ हलले. ती ओळ त्यानं दोनदा वाचली असावी.

"सगळं बरोबर आहे ना? सध्याची शाळा, तुकडी?"

"बरोबर आहे." त्याचे डोळे भरून आले. "ताई, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

तो भराभर जिना उतरून गेला. बाईंनी पाठ खुर्चीला टेकली. बऱ्याच दिवसांनी आपल्या हातून कोणाचं तरी भलं झालं, असं त्यांना वाटलं.

पुढच्या माणसानं एक कागद उचलून काचेवर धरला. "हा कोणाचा? इथंच पडलाय."

तीच नक्कल होती.

बाईंनी शिपायाला खाली पिटाळलं. तो धापा टाकत परत आला. माणूस कुठंच नव्हता. आता याला कळवायचं कसं? अर्ज एकदा पुढे गेला की त्यावरचा फोन नंबर बाईंच्या पडद्यावर दिसत नसे. त्यांनी वर फोन लावला.

"त्या अर्जाचा नंबर काढून द्या हो. बिचारा आनंदाच्या भरात कागद विसरून गेला. आणि तुमच्या यंत्राला काय झालंय? साध्या सरळ नावाला चार दिवस लाल करतंय. शेवटी टिंब देऊन घुसवलं मी."

"नाव काय?" संगणकवाल्यानं कंटाळून विचारलं.

बाईंनी नाव सांगितलं.

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना?"

"ताई, तो बिघाड नाही." त्याचा आवाज बदलला होता. "ते नाव मी स्वतः अडवून ठेवलंय. मुलीच्या आईनं कोर्टाचा हुकूम आणून दिला होता. एक हात गळ्यात बांधलेला होता तिचा. दोन गावं बदलली, तिसऱ्या ठिकाणी मुलीला शाळेत घातलंय म्हणाली, एवढं या माणसाला कळू देऊ नका."