एक तटस्थ वाक्य

‘खून’ हा शब्द आहेर सरांनी पुन्हा काढला आणि त्या जागी ‘मृत्यू’ ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘संदर्भ नाही.’ मग चष्मा पुसला. तो डोळ्यांवर चढेपर्यंत ‘तिसरा मजला’ने पुन्हा खून केला होता.

गोरक्ष आहेर हे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक आणि एका ऑनलाइन मराठी ज्ञानकोशाचे प्रचालक. म्हणजे लेख राखायचे, भांडणारे आवरायचे, फारच झालं तर एखाद्याचं खातं बंद करायचं. पगार नाही. मान आहे, पण तोही टोपणनावाला. तिथे सर ‘भूगोलवाले’ होते. ‘तिसरा मजला’ हेही असंच कुणाचं तरी टोपणनाव.

लेख अर्णव्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचा. इगतपुरीच्या अलीकडे डोंगर कापून बसवलेलं खासगी विद्यापीठ. फाटकावर जगभरचे झेंडे, आत मुलं निफाड-देवळ्याची. नेपाळचा एक होता, तो इगतपुरीचा पाऊस बघून परत गेला. विद्यापीठाची माणसं लेखात ‘जागतिक दर्जाचे’ असं घालत, सर काढत. ‘निसर्गरम्य’ही काढलं आणि तिथे डोंगराची उंची टाकली.

खरं भांडण एकाच वाक्याचं होतं. ‘विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, चौकशी अपूर्ण आहे.’ खाली दोन वर्तमानपत्रांचे संदर्भ.

विद्यापीठाला हे वाक्य नकोच होतं. ‘तिसरा मजला’ला ते पुरत नव्हतं. ‘तिला अंधाराची भीती वाटायची,’ असं मधेच लेखात उगवे. ‘ती दिवा मालवून झोपत नसे.’ एकदा तर, ‘ती अजून जिन्यात उभी असते.’ सरांनी ते काढून खाली नोंद केली, ‘भुताविषयी विश्वसनीय दुय्यम स्रोत द्यावा.’

बाकीचे प्रचालक कंटाळले होते. दोन्ही बाजूंची सहमती झाली नाही, तर वाद मिटेपर्यंत ते वाक्यच काढून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि ज्याच्याकडे वकील असतात त्याचे वाद मिटत नाहीत, हे सरांना ठाऊक होतं. वाक्य जाणार होतं.

रविवारी दुपारी महेश नावाचा एक तरुण मिठाईचा पुडा घेऊन गंगापूर रोडवर सरांच्या घरी आला. विद्यापीठाचा नवा जनसंपर्क अधिकारी. आधी एका वायनरीत होता. तिथेही लोकांना चव अगोदर सांगावी लागायची. सरांच्या संपादन कार्यशाळेत मागच्या बाकावर बसून त्याने ‘भूगोलवाले’ कोण ते शोधून काढलं होतं.

सरांनी पुडा त्याच्याकडे परत सरकवला. हितसंबंध नकोत, म्हणाले. महेशने बसायला जागा बघितली, मग भिंतीकडे बघितलं. भिंतीवर घड्याळाखेरीज काही नव्हतं. भिंतसुद्धा तटस्थ होती.

त्याने सगळं सांगितलं. ती केस तो यायच्या आधीची. फाईल त्याने उघडली नव्हती, त्याला फक्त वाक्य काढून आणायला पाठवलं होतं. पण वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीच्या खोलीत राहायला कुणी तयार नाही. कुलूप घातलंय, तरी मुली रात्री त्या जिन्याने एकट्या जात नाहीत.

प्रतिभाबाई, सरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या.

“त्या खोलीतला दिवा काढून घेतलाय, काकू,” महेश म्हणाला. “तरी मुली म्हणतात उजेड दिसतो.”

प्रतिभाबाईंनी कप ठेवला, पण बशीवरचा हात उचलला नाही. “दिवा कशाला काढलात?”

महेश सरांकडे वळला. “त्या ‘तिसरा मजला’चं काहीतरी करा, सर. वेडी बाई आहे कुणीतरी.”

“बाई कशावरून?”

“पुरुष इतकं चिकाटीने काही करत नाही हो.”

सर हसले नाहीत. आपण कुणाच्याच बाजूने नसतो, असं त्यांनी वर्गात शिकवावं तसं समजावलं. दोन टोकं ऐकायची आणि मधलं धरायचं. विद्यापीठ म्हणतं, काहीच नको. समोरचं माणूस म्हणतं, खून. “आता मधे काय उरतं ते तुम्हीच वाचा.”

महेशने मोबाइलवर ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. “खुनापेक्षा हे पुष्कळच बरं आहे,” तो म्हणाला.

मग तसं लेखाच्या चर्चापानावर लिहा, सर म्हणाले. विद्यापीठाच्या अधिकृत खात्यावरून, की हे वाक्य आम्हाला मान्य आहे. सहमती झाली म्हणजे वाक्य कायम, आणि ते मोडू बघणाऱ्याचं खातं बंद. मग तो कुणी का असेना.

महेश गॅलरीत जाऊन वरिष्ठांशी बोलला. बराच वेळ ‘हो सर, खून नाही सर’ एवढंच ऐकू येत होतं. आत येऊन त्याने मान्यता लिहिली. सरांनी त्याच्यादेखत ‘तिसरा मजला’चं खातं बंद केलं आणि लेखाला कुलूप घातलं. महेशला इतकं हलकं वाटलं की त्याने सरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“तुमच्यासारखी तटस्थ माणसं राहिली नाहीत, सर.” पुडा बगलेत मारून तो जिना उतरला. प्रतिभाबाई त्याची मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मग दार लावून त्यांनी मोबाइल हातात घेतला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि सरांच्या शेजारी येऊन बसल्या.

“केलंत मला बंद?”

“केलं.”

“आणि वाक्य?”

“आता त्यांनाही काढता यायचं नाही.”

“मग आपल्या सृष्टीचं नाव कधी घालायचं?”