सरावाचा प्रश्न

"अहो, जे विचारायचंय ते विचारा ना एकदाचं! आधी गप्पा कसल्या मारायच्यात?" दार लावता लावता बाहेर बसलेल्या बिट्टीच्या आत्याची कुरकुर बाईंच्या कानावर पडलीच. पोलिसांसाठी लहान मुलांशी बोलायचं, हे बाईंचं रोजचं काम. सहा वर्षांच्या बिट्टीची आई जिन्यावरून पडून गेली, ती कशी पडली हे आज विचारायचं होतं. त्या वेळी घरात बिट्टी आणि बाबा, दोघंच होते.

पण मुलांची जीभ सुरुवातीला आतून कडी लावून बसलेली असते. म्हणून बाई आधी एक साधासुधा, नुसता सरावाचा प्रश्न विचारत.

"आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंस गं? सगळं सांग."

"उठले. दात घासले. दूध नको होतं, तरी प्यायले. मग आत्याने 'आईचा पाय घसरला' हे माझ्याकडून म्हणून घेतलं."

"बरं. मग?" बाईंनी आवाज जराही हलू दिला नाही.

 

"मग मी दोनदा चुकले. दोन्ही वेळा 'बाबांनी ढकललं' असंच म्हटलं."