रत्नमालाचा पदर

“सर, यातलं कोणतं लावू?” हर्षाने दबक्या आवाजात विचारलं.

मॅनेजर वीरेंद्र सरांना घाम फुटला होता. मिलचं ऑफिस सांभाळणाऱ्या हर्षाच्या लॅपटॉपवर एकाच अपघाताची तीन प्रेझेंटेशन तयार होती. मालकांसाठी वेगळं, विम्याच्या साहेबांसाठी वेगळं आणि कामगार बायांसाठी वेगळं. तिघांना वेगवेगळं बसवून दाखवायचं ठरलं होतं. पण दिवस ठरवताना सर मिलचा रिवाज विसरले. अड्याळच्या या राईस मिलमध्ये हंगामाचं पहिलं धान भरडलं, की त्याचा भात तिथेच शिजतो आणि मालकापासून हमालापर्यंत सगळे एकाच पंगतीला बसतात. त्या दिवशी आलेल्या पाहुण्यालाही जेवल्याशिवाय उठू देत नाहीत. त्यामुळे गोदामातल्या सतरंजीवर मालक भैय्याजी, त्यांच्या शेजारी विम्याचे साहेब आणि समोर ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या साऱ्या बाया बसल्या होत्या.

“बायांवालं लाव,” सर पुटपुटले. “ते कोणीही पाहिलं तरी चालते.”

“भात थंडा होऊन राहिला,” भैय्याजी ओरडले. “काय दाखवाचं ते दाखवा लवकर.”

हर्षाच्या डोक्यात तिडीक गेली. नागपूरला कसलंसं शिबिर करून आल्यापासून सरांचं एकच पालुपद होतं : समोर कोण बसलंय ते ओळखा आणि त्याला पचेल तेवढंच वाढा. पचेल तेवढंच! एका बाईचा हात गेला आणि त्याचे अपघात झाले तीन. मालकांच्या प्रेझेंटेशनमध्ये होतं, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढल्यापासून काम अडत नाही, याही हंगामात ती बसवू नये. विम्याच्या साहेबांसाठी होतं, अपघाताच्या वेळी जाळी जागेवरच होती. बायांच्या प्रेझेंटेशनमध्ये जाळीचं नावच नव्हतं. तिथे एक मोठं चित्र होतं. पट्ट्यात अडकलेला साडीचा पदर, त्यावर लाल फुली आणि खाली ठळक अक्षरांत, ‘पदर खोचा, हात वाचवा.’ मजकूर सरांनी सांगितला, आपण फक्त सजवलं, अशी हर्षाने इतके दिवस स्वतःची समजूत घातली होती.

पंगतीच्या टोकाला रत्नमाला बसली होती. उजवा हात मनगटापासून बांधलेला. डाव्या हाताने ती पत्रावळ सरळ करत होती. चूक तिचीच, हे आज चारचौघांत ठरलं की तिला कामावरून काढायला मिल मोकळी होणार होती. आणि त्याच मिलचा भात तिच्या पानात पडणार होता! हर्षाला स्वतःच्या गप्प बसण्याची शिसारी आली.

तिने प्रोजेक्टरची वायर जोडली आणि ती उभी राहिली.

“एकाच अपघाताची तीन प्रेझेंटेशन आहेत,” ती म्हणाली. आवाज चढत होता. “आज सगळे एका पंगतीत आहात, तर तिन्ही पाहा. हे मालकांचं. हे विम्याच्या साहेबांचं. आणि हे तुमचं.”

गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर तिन्ही एकामागून एक उमटली. सर वायर ओढायला धावले, तर मध्ये भाताचं पातेलं आडवं आलं. विम्याच्या साहेबांनी पाण्याचा गिलास खाली ठेवला.

“भैय्याजी, जाळी होती की नव्हती?”

उत्तर बायांच्या रांगेतून आलं. “नोहती! काढून टाकली होती! आमी बोंबलून राहिलो होतो, कोणी आयकते काय!”

एकच गलका उठला. हर्षाला वाटलं, नोकरी गेली तर गेली. या मिलमध्ये एकदा तरी खरं बोललं गेलं, आणि ते आपण बोललो. तिने अभिमानाने रत्नमालाकडे पाहिलं.

रत्नमाला मात्र मालकांकडे पाहत नव्हती, साहेबांकडेही नाही. ती भिंतीवरच्या चित्राकडे पाहत होती. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि डाव्या हाताचं बोट त्या पदरावर ठेवलं. गलका आपोआप थांबला.

“हे कोनाचं आहे?” तिने विचारलं.

“तुमचंच,” हर्षा म्हणाली. “म्हणजे... तुमचा पदर अडकला, असं दाखवलंय.”

“कामावर साडी कोन नेसते, मॅडम? त्या दिवशी माह्या अंगात नवऱ्याचा पँट-शर्ट होता. हा पदर आनला कुठून?”

हर्षाने सरांकडे पाहिलं. सरांनी दोन्ही हात वर केले. “मी चित्रातून जाळी काढ म्हणलो होतो. पदराचं मी काहीच नाही बोललो.”

ते खरं होतं. चित्रातून जाळी काढल्यावर तिथे मोकळी जागा उरली होती. बायांचं प्रेझेंटेशन, म्हणून हर्षाने तिथे पदर टाकला होता, खालची ओळही तिनेच सुचवली होती. पदर छान दिसत होता. सरांनी शाबासकीही दिली होती.

रत्नमालाचं बोट अजून भिंतीवरच होतं.

“तुमच्या हापिसाच्या खिडकीतून दिसते नं, मॅडम, तिथं फाटकाजवळ हात गेल्यापासून मी रोज येऊन बसत होती. तीनदा लिवलं तुमी. एकदा मले काहून नाई इचारलं?”