दोघं डावीकडे, एक उजवीकडे

रेकॉर्डिंग स्टुडिओतून निवृत्त झाल्यावर बाबांनी घरातल्या चारशे डीव्हीडींची यादी करायला घेतली. सिनेमा चालू असताना दिग्दर्शक मंडळी गप्पा मारतात तो जादा ट्रॅक मोनो की स्टिरिओ, आणि कोण कुठल्या स्पीकरमधून बोलतो, एवढंच वहीत लिहायचं. त्याला दोन मिनिटं पुरतात. बाबा दोन तास ऐकत, कारण लेकीचा रविवारचा फोन सोडला तर घरात तेवढंच बोलणं व्हायचं.

त्या रविवारी फोन आला तेव्हा ट्रॅक चालूच होता.

"बाबा, आवाज कोणाचे? कोणी आलंय का?"

"तिघं आहेत," वहीत बघत बाबा म्हणाले. "दोघं डावीकडे, एक उजवीकडे."

"अगंबाई, सोफा भरला की! आणि मी इथे जीव टांगणीला लावून बसते, तुम्ही एकटे म्हणून." ती इतकी खूश झाली की बाबांना खरं सांगवेना. "हसतायत बघा कसे! जा, बसा त्यांच्यात. ठेवते."

पुढच्या रविवारी बाबांनी सकाळपासून टीव्ही बंद ठेवला आणि फोन मांडीवर घेऊन बसले.

 

संध्याकाळी लेकीचा मेसेज आला : "मैफल रंगली असेल ना? आता दर रविवारी फोन करून मध्ये कडमडणार नाही, बाबा."