रोलरमधून गेलेली बाई

“आता सांगते ते तुमच्यातली एकही खरं मानायची नाही,” लाँड्रीतल्या सगळ्या बायकांची आत्या म्हणाली. रोलर थांबवायची लाल दोरी अजून तिच्या मुठीतच होती.

हॉटेलच्या तळघरात चिडीचूप झालं होतं. चादरींना इस्त्री करणारा तो अजस्र रोलर थांबला होता आणि जबड्यात अडकलेली अर्धी चादर करपत होती. चादरींच्या घड्या घालणाऱ्या घडीवालीला उभ्याउभ्या भोवळ आली, ती पुढे कलली, बाही तापल्या लोखंडाला चिकटली, आणि आत्याने दोरी खेचली. एवढंच झालं होतं. एवढंच, म्हणजे बाईचा हात शाबूत होता.

आता ती पालथ्या बादलीवर बसली होती. पन्नाशीला टेकलेली, पाळी नुकतीच गेलेली, दोन कर्त्या मुलांची आई. ओल्या चादरींचं गाठोडं एकटीने उचलून ट्रॉलीत टाकणारी बाई. आज तिला साधी बाटली धरवत नव्हती.

बाटलीत हिरवट राखाडी काहीतरी होतं. ते तिचं दुपारचं जेवण. तिने झाकण उघडलं तशी धुलाईच्या मशीनवालीने नाकाला बाही लावली.

“शी! हा वास ओळखीचा आहे गं. दारावर पाटी लावून आठवडाभर आत कोंडून घेणारा पाहुणा असतो ना, त्याच्या खोलीतले टॉवेल.”

“भुकटी आहे. आमच्या यांनी आणलीय,” घडीवाली म्हणाली. “भूक मरते त्याने.”

“भुकेबरोबर तूही निघाली होतीस.”

घडीवाली नुसतं पोट खाजवत राहिली. खाजवताना सदरा वर सरकला, आणि मशीनवाली चार पावलं मागे गेली. पोटाभोवती प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. उरलंसुरलं फ्रिजमध्ये टाकायच्या आधी ज्यात गुंडाळतात, तेच. आत घामाचं पाणी साठलं होतं, कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि कडेने लाल पुरळ फुललं होतं. आंबूस वास सुटला.

“हे कुणी बांधलं?” आत्याने विचारलं.

“यांनीच. सकाळी. घट्ट बांधलं की वितळतं म्हणे.” तिने सदरा खाली ओढला. “आधी चिमटीत धरून बघतात, किती उरलंय ते. मग बांधतात.”

आत्या पचकन मोरीत थुंकली. मग आपला डबा उघडून तिने घडीवालीच्या पुढ्यात ठेवला. उकडलेली अंडी, बटाटे, पाव. घडीवालीने मान फिरवली.

“नको खाऊस,” आत्या म्हणाली. “गोष्ट तर ऐकशील? तुम्ही यायच्या आधी इथे एक बाई होती. तुझ्याच जागेवर. चांगली खात्यापित्या अंगाची. तिच्या नवऱ्याला एके दिवशी साक्षात्कार झाला, की आपली बायको जाड आहे.”

“हं, झालं सुरू,” मशीनवाली म्हणाली आणि खाली बसली.

“त्याने दोरी आणली. दिवसभर इथे चादरी उचलायच्या आणि पहाटे उठून दोरीवर उड्या मारायच्या. खायला वाटीभर कोमट पाणी. बाई बारीक झाली. तो म्हणाला, अजून. बाई काठीसारखी झाली. तो म्हणाला, अजून. शेवटी इतकी झाली की एका अंगावर वळून उभी राहिली तर मुकादम गैरहजेरी मांडायचा.”

मशीनवालीला हसू फुटलं.

“एक दिवस चादर सरकवता सरकवता तीच गेली ना रोलरमध्ये! मी ही लाल दोरी ओढेपर्यंत पलीकडून बाहेर. सपाट. कोमट. अंगावर एक सुरकुती नाही. कपाळावरच्या आठ्यासुद्धा गेलेल्या.”

“आणि जिवंत?”

“चांगली बोलत होती! मी घडी घालायला घेतली, तर मलाच म्हणते, आत्या, कडा जुळवून घाल.”

घडीवालीचे ओठ हलले. हसू म्हणावं इतकं नाही, पण हलले.

“मग नवऱ्याला बोलावणं धाडलं. आधी त्याची ढेरी जिना उतरून आली, मागून तो. दारात उभा राहून ढेकर दिला मेल्याने, दातात काडी तशीच. मी म्हटलं, घ्या तुमची बायको. त्याने उलटसुलट करून पाहिली. उजेडात धरून पाहिली. चिमटीत धरायला गेला, तर चिमटीत काही येईना. काखोटीला मारून घरी नेली आणि कपाटात ठेवली, वरच्या फळीवर. आणि काय सांगू बायांनो, इतका खूश झाला, इतका खूश झाला! म्हणाला, आता कशी अगदी मला हवी तशी झालीस.”

“खोटं.”

आत्याने वळून पाहिलं. घडीवाली उठून उभी राहिली होती. एक हात भिंतीला.

“खोटं कसं? याच डोळ्यांनी पाहिलंय मी. याच रोलरमधून...”

“रोलरमधून गेली असेल.” घडीवालीने सदऱ्यात हात घातला आणि प्लास्टिकचं टोक शोधून ओढलं. कातडीवरून ते चरचरत सुटलं. डाग पडलेल्या चादरींच्या पिंपात तिने ते टाकलं आणि वरून बाटली उपडी केली. “घडीही झाली असेल. बोललीही असेल.”

ती आत्याच्या डब्याजवळ आली. आख्खं अंडं तोंडात कोंबलं, आणि भरल्या तोंडानेच म्हणाली,

“पण तो खूश झाला, हे साफ खोटं, आत्या. उजेडात धरून कडेची सुरकुती दाखवली असेल त्याने.”