माळ्यावरचा कॉम्प्युटर

सावित्री नदीचा पूर ओसरल्यापासून अकिब महाडमधल्या घराघरांत जाऊन कॉम्प्युटरचे कॅबिनेट उघडत होता. आतला गाळ काढायचा, हार्ड डिस्क हातात घेऊन बघायची आणि मालकाला सांगायचं, यातलं आता काही मिळणार नाही. तेच तेच सांगून त्याचा जीव विटला होता.

यज्ञेश्वरकाका मात्र दारातच हसत उभे होते. त्यांच्या वारलेल्या बायकोचे सगळे फोटो अकिबनेच अल्बममधून कॉम्प्युटरमध्ये घालून दिले होते.

"सावित्रीचं पाणी उंबऱ्याला लागलं तसा आधी कॉम्प्युटर माळ्यावर चढवला. कंबर धरली, पण नेला," काका म्हणाले. "अल्बम राहिले खाली. म्हटलं जाऊ देत, ही कॉम्प्युटरात आहेच."

कितीतरी दिवसांनी अकिबला बरं वाटलं. शिडी चढून तो वर गेला. काकूंच्या नऊवारीत गुंडाळलेलं ते धूड त्याने सोडवलं, तर आत नुसता मॉनिटर.

 

"तो टेबलाखालचा डबा तेवढा बुडाला बघ," खालून काका म्हणाले. "नवा बसवून दे, म्हणजे ही दिसेल."