दुसरी सही

"हात द्या हो मास्तर, गुडघे संपावर गेलेत," भाड्याच्या गाडीतून उतरता उतरता प्राध्यापक शिवानंद म्हणाले.

पंचाक्षरी मास्तरांनी हात दिला. ज्याचं नाव निघालं तरी तोंड कडू व्हायचं, त्या माणसाचा कोपर धरून ते अभयारण्याच्या फाटकापर्यंत चालत गेले. आज एवढं सोसायचं, हे त्यांनी होटगीच्या घरून निघतानाच ठरवलं होतं.

फाटकावर वनरक्षक दिपालीनं नावं लिहायला वही पुढे केली.

"माझंही तुम्हीच लिहा," शिवानंद म्हणाले. "तुमचं अक्षर काय सुरेख!"

मास्तरांनी लिहिलं. लोणी लावायची जुनी खोड काही गेली नाही, ते मनात म्हणाले.

अठरा वर्षांपूर्वी याच भीमेकाठी, या दोघांच्याच समोर पाणचिरा आला होता. नारंगी चोचीनं पाणी चिरत जाणारा हा पक्षी या काठावर तोवर कुणी पाहिला नव्हता. मास्तर हरखून "आला!" म्हणाले होते, आणि शिवानंदांनी दुर्बीण खाली ठेवून शांतपणे सांगितलं होतं, "मला काही दिसलं नाही." अशा दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदीला दोघांच्या सह्या लागतात. दुसरी सही झालीच नाही. शिवानंद म्हणजे सोलापूरच्या पक्षिमित्रांचा शेवटचा शब्द. त्यांच्यापुढे खेड्यातल्या शाळामास्तराचं कोण ऐकणार?

तेव्हापासून ते 'पाणचिरा मास्तर' झाले. पोरं फळ्यावर चोचवाला मास्तर काढायची. लेकीच्या लग्नात व्याह्यांनी भर पंगतीत विचारलं, "काय मास्तर, आज कुठला पक्षी दिसला?" तेही त्यांनी गिळलं. पण त्यांची बायको रत्नम्मा शेवटच्या आजारपणात हळूच म्हणाली, "आता तरी खरं सांगा. दिसला होता का हो?" ते मात्र जिव्हारी लागलं. पंधरा दिवसांनी ती गेली, आणि मास्तरांनी डूख धरला.

यंदा संक्रांतीला भरणारी सोलापूरची गड्ड्याची जत्रा उलगडली आणि चारच दिवसांनी पाणचिरा पुन्हा आला. मास्तरांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही, थेट शिवानंदांना फोन लावला. बेत साधा होता. त्यांना पक्षी पोटभर दाखवायचा आणि मग दिपालीसमोर म्हणायचं, मला काही दिसलं नाही. उरलेला जन्म बसा म्हणावं लोकांना पटवत! शिवानंद एका शब्दात "येतो" म्हणाले, याचंच मास्तरांना नवल वाटलं होतं.

पाण्याकाठी बांबूच्या तट्ट्यांचं लपण होतं. आत दोघांपुरती जागा आणि बघायला एक फट.

"म्होरं लई गाळ हाय, भाईर पाय काढू नगा," दिपाली म्हणाली. "मी मागं बाबळीखाली बसते. दिसला की हाक मारा. कॅमेरा न्हाई आणला व्हय कुणी?"

"विसरलो," मास्तर म्हणाले. ते मुद्दाम घरी ठेवून आले होते.

"मी हल्ली वापरत नाही," शिवानंद म्हणाले. मास्तरांना देव पावल्यासारखं वाटलं.

तास गेला. शिवानंद दुर्बीण डोळ्यांना लावून बसले होते.

"वहिनी कशा आहेत?"

"गेली. सहा वर्षं झाली."

शिवानंदांनी दुर्बीण खाली घेतली. "मला कुणी कळवलं नाही."

"कळवून काय करणार होतात?"

शिवानंदांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

मग तो आला. वाळूच्या बेटाला वळसा घालून, पाण्याला घासत, पाण्यावर सरळ रेघ ओढत. क्षणभर मास्तर सगळं वैर विसरले. "आला! डावीकडून आला बघा!"

"हो, हो," शिवानंद म्हणाले. त्यांनी दुर्बीण डावीकडे वळवली.

पक्षी वळणाआड गेला तसे मास्तर भानावर आले. शिवानंदांची हाक ऐकून दिपाली वही घेऊन धावत आली.

"दिसला," शिवानंद म्हणाले. "नारंगी चोच, खालची जास्त लांब. आधी मास्तरांनी पाहिला. त्यांचं नाव वर लिही."

दिपालीनं बोट ठेवून दाखवलं तिथं त्यांनी सही केली. ती चांगलीच तिरकी गेली.

"आन् मास्तर, तुमी?"

मास्तरांनी पेन हातात घेतलं. मग अंथरुणावरची रत्नम्मा त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"मला काही दिसलं नाही."

"आसं कसं? एवढं शेजारी बसून?"

"नव्हताच कुणी. सरांना भास झाला असेल." त्यांनी वही ओढली, शेऱ्यात तसंच लिहिलं आणि खाली सही ठोकली.

दिपालीनं पानाचा फोटो काढून तिथल्या तिथं ऑफिसला पाठवला. "मग ही नोंद बाद की," असं पुटपुटत ती निघून गेली.

मास्तरांना वाटलं होतं, आता शिवानंद चिडतील, हमरीतुमरीवर येतील. त्या भांडणासाठी त्यांनी अठरा वर्षं शब्द जमवले होते. पण शिवानंदांनी दुर्बीण काढून मांडीवर ठेवली.

"साखरेनं डोळे खाल्ले माझे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. तुम्ही 'आला' म्हणालात, तेवढ्यावर सही केली मी. आज मला काहीच दिसलं नाही, मास्तर. दिसला होता तो त्या दिवशी."